स्वभक्षण आणि प्रतिजन-सादरीकरण

पेशी स्वतःच्या आतली जुनी, बिघडलेली प्रथिने आणि अंगके (पेशीतले छोटे अवयव) मोडते आणि त्यांतून निघालेला माल पुन्हा वापरते. या क्रियेला स्वभक्षण किंवा ऑटोफॅजी म्हणतात. प्रथिनांचे तुकडे, म्हणजे प्रतिजन, पेशीच्या पृष्ठभागावर मांडून रोगप्रतिकार करणाऱ्या टी पेशींना दाखवणे म्हणजे प्रतिजन-सादरीकरण. पाठ्यपुस्तकांत या दोन क्रिया अजूनही वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. पेशीत मात्र त्यांची वाट अनेक ठिकाणी एकच असते, आणि क्षयाचा जंतू नेमक्या त्याच वाटेवर अडथळा घालून जगतो. मराठवाड्यातल्या वाचकाने हा विषय समजून घ्यावा याचे हे मोठे कारण आहे.

लयकारिका (लायसोसोम) म्हणजे पेशीतली माल पचवणारी पिशवी. तिचा शोध बेल्जियमचे ख्रिश्चन द ड्यूव्ह यांनी १९५५ मध्ये लावला आणि १९६३ मध्ये स्वभक्षणाला नाव दिले. त्याची जनुके कळायला पुढे तीस वर्षे गेली. जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टच्या पेशी उपाशी ठेवल्या. या पेशींच्या रिक्तिकेत (यीस्टमधली लयकारिकेसारखी पिशवी) प्रथिने पचवणारी विकरे (एन्झाइम) नव्हती, त्यामुळे आत आलेला माल जिरला नाही आणि काही तासांत रिक्तिका पुटिकांनी (पडद्याच्या बारीक पिशव्यांनी) भरलेली सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. त्यावरून त्यांनी स्वभक्षणाची जनुके शोधून काढली. त्यांना २०१६ चे नोबेल मिळाले. माणसाच्या पेशीतही जवळपास तीच यंत्रणा आहे. बहुधा आंतर्द्रव्यजालिकेच्या (पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्याच्या) कडेला एक दुपदरी पडदा तयार होतो, त्यावर एलसी३ हे प्रथिन चिकटते, पडदा मोडायच्या मालाभोवती मिटतो आणि ती पुटिका लयकारिकेला जाऊन मिळते.

टी पेशीला अख्खा जंतू ओळखता येत नाही. तिला प्रथिनाचा लहानसा तुकडा कळतो, तोही एमएचसी या पेशीच्या पृष्ठभागावरच्या रेणूच्या खाचेत बसवून दाखवला तरच. रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी १९७४ मध्ये ही अट उघड केली. माणसातल्या या रेणूंना एचएलए म्हणतात. ते माणसागणिक वेगळे असतात, म्हणून एकाच जंतूचे वेगवेगळे तुकडे वेगवेगळ्या माणसांत दाखवले जातात.

पहिल्या वर्गाचे एमएचसी रेणू केंद्रक असलेल्या जवळजवळ प्रत्येक पेशीवर असतात. पेशीद्रवातली प्रथिने प्रोटिअसोम हे प्रथिने तोडणारे यंत्र कापते, टॅप नावाचा वाहक ते तुकडे आंतर्द्रव्यजालिकेत घेतो, आणि ८ ते १० अमिनो आम्लांचा तुकडा खाचेत नीट बसला की तो रेणू गॉल्जी संकुल या पेशीतल्या पाठवणी-केंद्रातून पृष्ठभागावर येतो. सीडी८ टी पेशी (लागण झालेल्या पेशी मारणारी) त्याची तपासणी करते. ओठांवर फोड आणणारा हर्पीस सिम्प्लेक्स विषाणू आयसीपी४७ हे प्रथिन तयार करून टॅपच बंद पाडतो, इतकी ही पायरी मोक्याची आहे.

दुसऱ्या वर्गाचे रेणू मुख्यतः डेंड्रायटिक पेशी, मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) आणि बी पेशी या प्रतिकारशक्तीच्या पेशींवर असतात, आणि स्वभक्षणाचा संबंध येतो तो इथे. हे रेणूही आंतर्द्रव्यजालिकेतच घडतात, पण तिथला भलताच तुकडा बसू नये म्हणून त्यांची खाच इनव्हेरिअंट साखळी या प्रथिनाने बुजवलेली असते. तीच साखळी त्यांना आम्लधर्मी पुटिकांकडे नेते. तिथे कॅथेप्सिन विकरे तिला कापतात, एचएलए-डीएम हा मदतनीस रेणू उरलेला तुकडा काढतो आणि साधारण १३ ते २५ अमिनो आम्लांचा नवा तुकडा जागा घेतो. सीडी४ टी पेशींना (इतर प्रतिकार-पेशींना मदत करणाऱ्या) हेच दिसते. पेशीने बाहेरून गिळलेल्या मालाचेच तुकडे इथे येतात, असे बराच काळ शिकवले गेले. २००५ मध्ये एपस्टाइन-बार विषाणूचे ईबीएनए१ हे पेशीच्या आत बनलेले प्रथिन स्वभक्षणाच्या वाटेने दुसऱ्या वर्गाच्या रेणूंवर पोचते हे दिसले. २००७ मध्ये डेंड्रायटिक पेशींतल्या स्वभक्षण-पुटिका या रेणूंच्या कप्प्यांना सतत मिळत असल्याचेही आढळले. म्हणजे पेशीच्या आत लपलेला शत्रूही सीडी४ पेशींपुढे उभा करता येतो.

हे सगळे दवाखान्यात नुसत्या डोळ्यांनी दिसते. उसाच्या फडात कोयता लागून पाय कापला की दोन दिवसांत जांघेत अवधाण येते. जखमेजवळच्या डेंड्रायटिक पेशी जंतू गिळून, त्याचे तुकडे पृष्ठभागावर घेऊन लसीकावाहिन्यांतून जांघेतल्या गाठीत जातात. त्यांना दाद देणाऱ्या टी पेशी तिथे वाढू लागतात आणि गाठ सुजते. क्षयाची लागण तपासणारी मांटू चाचणी याहून बोलकी आहे. परिचारिका हाताच्या आतल्या बाजूला, त्वचेच्या थरातच ०.१ मिली ट्युबरक्युलिन (क्षयजंतूच्या प्रथिनांचा अर्क) टोचते आणि ४८ ते ७२ तासांनी परत बोलावते. तेव्हा ती लाली मोजत नाही. बोट फिरवून कडक झालेल्या भागाच्या कडा शोधते, पेनाने खुणा करते आणि हाताला आडवी पट्टी लावून मिलिमीटर वाचते. तो कडकपणा म्हणजे दुसऱ्या वर्गाच्या रेणूंवर मांडलेले तुकडे ओळखून जमलेल्या सीडी४ पेशी आणि त्यांनी बोलावलेले मॅक्रोफेज. जंतूची लागण झाल्यावर ही चाचणी होकारार्थी व्हायला २ ते ८ आठवडे लागतात. या उशिरामागे क्षयजंतूचे स्वतःचे डाव आहेत.

मॅक्रोफेजने गिळलेला क्षयजंतू आपल्या पुटिकेला लयकारिकेशी जुळू देत नाही. त्यामुळे तो मरत नाही आणि त्याचे तुकडेही धड पडत नाहीत. पुढे तो ईएसएक्स-१ या यंत्रणेने पुटिकेच्या पडद्याला भोके पाडतो. तिथे मात्र पेशीला संधी मिळते: फाटलेल्या पडद्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लागते आणि स्वभक्षणाचा पडदा जंतूसकट सगळे गुंडाळू लागतो. मॅक्रोफेजमध्ये स्वभक्षण वाढवले तर जंतू कमी टिकतात, हे २००४ मध्ये दिसले. २००९ च्या उंदरांवरील अभ्यासात रॅपामायसिन या औषधाने स्वभक्षण वाढवल्यावर बीसीजी या क्षयाच्या लशीचे प्रतिजन जास्त मांडले गेले आणि लसीचे संरक्षण वाढले. चित्र इतके सरळ राहिले नाही, हेही नोंदवायला हवे. २०१५ मध्ये असे आढळले की एटीजी५ हे एक जनुक काढल्यावर उंदीर क्षयाने लवकर दगावतात, पण स्वभक्षणाची इतर अनेक जनुके काढली तरी तसे होत नाही. प्रयोगशाळेच्या बशीतला निष्कर्ष जिवंत शरीराला जसाच्या तसा लावता येत नाही, आणि उपवासाबद्दल जे बोलले जाते त्याला ही गोष्ट फार जवळून लागू पडते.

एकादशी, चतुर्थी आणि रोजे पाळणाऱ्या मराठवाड्यात ‘उपवासाने ऑटोफॅजी होते, मग रोग पळतो’ हा मजकूर व्हॉट्सॲपवर सहज पसरतो. बशीतल्या पेशींचे पोषणद्रव काढले की स्वभक्षण वाढते, हे खरे आहे. त्यावरून क्षयाच्या रुग्णाने जेवण तोडावे असे सुचवणे घातक आहे. दीर्घ कुपोषणात यौवनलोपी ग्रंथी (टी पेशी घडवणारी थायमस) आक्रसते आणि टी पेशींची संख्या व जोर घटतो. लागण असूनही मांटू नकारार्थी येते, कारण हातावर जमायला पेशीच पुरेशा नसतात. कुपोषण हे भारतातल्या क्षयाच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे, म्हणूनच सरकारच्या निक्षय पोषण योजनेत रुग्णाला आहारासाठी दरमहा पैसे मिळतात. २०१८ मध्ये ५०० रुपये होते, २०२४ च्या अखेरीस ते १,००० झाले.

स्वभक्षण नेहमी सादरीकरणाच्या बाजूचेच असते असेही नाही. स्वादुपिंडाच्या कर्करोगात एनबीआर१ हे प्रथिन पहिल्या वर्गाचे रेणूच धरून लयकारिकेत पाठवते आणि गाठ सीडी८ पेशींच्या नजरेआड राहते. हे २०२० मध्ये दाखवले गेले. तंतुकणिकांचेही (पेशीला ऊर्जा देणारी मायटोकाँड्रिया) तसेच. पिंक१ आणि पार्किन ही प्रथिने बिघडलेल्या तंतुकणिका स्वभक्षणाकडे पाठवतात आणि तंतुकणिकांतली प्रथिने पहिल्या वर्गावर मांडली जाऊ नयेत याचीही काळजी घेतात. कंपवाताच्या (पार्किन्सन) काही आनुवंशिक प्रकारांत हीच जनुके बिघडलेली असतात, त्यामुळे त्या आजारात प्रतिकारशक्तीचाही हात आहे का, हा प्रश्न २०१६ नंतर गंभीरपणे विचारला जाऊ लागला. संधिवातासाठी दिले जाणारे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन लयकारिकेची आम्लता कमी करते. त्याने स्वभक्षणही अडते आणि दुसऱ्या वर्गाचे सादरीकरणही मंदावते, आणि औषधाचा गुण काही अंशी त्यातूनच येतो असे मानले जाते.

क्षयावर स्वभक्षण वाढवणारे औषध अजून नेहमीच्या उपचारात आलेले नाही. साध्या क्षयाचा उपचार किमान सहा महिन्यांच्या गोळ्यांचाच आहे. बीड, धाराशिव, जालना भागातली ऊसतोड जोडपी दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. हंगाम आणि उपचार एकाच वेळी आले की गोळ्या मध्येच सुटतात. गाव सोडण्याआधी आरोग्य केंद्रात सांगितले तर निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणीवरून रुग्णाचा उपचार कारखान्याजवळच्या केंद्राकडे वर्ग करता येतो.