मॉक ड्रिलची तारीख घेण्याआधी : नकाशा आजचा द्या

पेशावरच्या शाळेवर २०१४ मध्ये हल्ला झाला, त्यानंतर केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना शाळांच्या सुरक्षेबाबत सूचना पाठवल्या. तुमच्याकडेही आराखड्याची फाइल असेलच. तरीही शाळेत मॉक ड्रिल, म्हणजे हल्ला झाला किंवा आग लागली तर काय करायचं याचा सराव, घ्यायला आलो की आमचा निम्मा वेळ शाळेचा नकाशा दुरुस्त करण्यात जातो.

नकाशा मागितला की बांधकाम परवान्याची शिक्केवाली प्रत येते. त्यात पटांगण मोकळं, प्रत्यक्षात तिथं पत्र्याची शेड. मागचा जिना कागदावर मोकळा. जाऊन पाहावं तर वळणावर मोडके बाक रचलेले, खाली जाळीच्या गेटला कुलूप आणि किल्ली शिपाईमामांच्या खिशात. मामा बँकेत गेलेले! २६/११ ला ताजमध्ये शिरलेल्या कमांडोंनी नंतर पत्रकारांना हेच सांगितलं होतं : आतली रचना हल्लेखोरांना ठाऊक होती, आम्हाला नव्हती.

तेव्हा एक झेरॉक्स घ्या, मामांना सोबत घेऊन शाळाभर फिरा आणि लाल पेनाने खुणा करा. कुलपं, किल्ल्या कुणाकडे, मेन स्विच, सीसीटीव्हीचा स्क्रीन, कंपाउंडची पडकी बाजू. दारांवर खोली क्रमांक ठळक रंगवा. ‘सातवी ब’ म्हटल्यावर बाहेरून आलेल्या हवालदाराला काही कळत नाही, शिवाय वर्ग दर जूनला हलतात. एक प्रत पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र टाकू नका.

घंटेचंही बघा. आग लागली तर मुलं मैदानात हवीत; कुणी हत्यार घेऊन शिरला तर वर्गात, कडी लावून. दोन्हीला एकच घंटा चालत नाही.

“न सांगता करा, खरं वाटू दे,” असा आग्रह काही संस्थाचालक धरतात. आम्ही ते करत नाही. खोट्या बंदुका, लाल रंग यांनी पहिली-दुसरीची पोरं भेदरतात, आणि एखादा पालक खरोखर ११२ फिरवतो. पोलीस ठाण्याला लेखी कळवल्याशिवाय आम्ही तारीख देत नाही. यावर कुणी ‘कागदी घोडे’ म्हणतं, म्हणू दे. ठाण्यातले अंमलदार त्याच दिवशी शाळा आतून पाहून जातात, हा फायदा कागदामुळेच मिळतो.

पाहणीचं शुल्क वेगळं आहे. नकाशा तयार असेल तर ते ड्रिलच्या बिलातून वजा करतो. शिक्षक आणि शिपायांचं प्रशिक्षण त्याच बिलात. दिवाळीनंतरच्या तारखांसाठी खुणा केलेला नकाशा आणि ठाण्याची पोच एकत्र पाठवा.