तोफ इथे, नेम तिथे

डिसेंबर उजाडला की गोव्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. १८ डिसेंबर १९६१ ला आपल्या नौदलाने पहिल्याच गोळ्यात पोर्तुगिजांचं ‘आफोन्सो द आल्बुकेर्क’ बुडवलं, कारण आपल्या तोफचीचा नेम तसा होता. मुक्तिदिनाचा अभिमान मलाही आहे, म्हणूनच या वाक्यातल्या दोन चुका खटकतात. आल्बुकेर्क बुडलं नाही. ‘बेतवा’ आणि ‘ब्यास’ या आपल्या फ्रिगेटींच्या माऱ्यात ते जायबंदी झालं, कप्तान आरागाव गंभीर जखमी झाला आणि त्याच्याच खलाशांनी जहाज बांबोळीच्या बाजूला नेऊन किनाऱ्यावर रुतवलं.

दुसरी चूक ‘तोफचीचा नेम’ ही. सिनेमात तोफेमागचा माणूस एक डोळा मिटतो आणि दोरी ओढतो. बेतवा-ब्याससारख्या जहाजांवर तोफेपाशी असणारी माणसं सहसा लक्ष्याकडे बघतही नाहीत. बघणारे दूर, ब्रिजच्या (जहाज चालवण्याच्या कक्षाच्या) वरच्या अंगाला, रडार बसवलेल्या ‘डायरेक्टर’ नावाच्या नेम धरण्याच्या यंत्रात असतात. तोफ एकीकडे आणि नेम दुसरीकडे, ही विसाव्या शतकातल्या आरमारी तंत्रातली मला सर्वात देखणी वाटणारी कल्पना आहे.

आधी आकडे पाहू. शत्रूचं जहाज १० किमीवर आहे. गोळ्याचा सरासरी वेग सेकंदाला ५०० मीटर धरला, तर पोचायला २० सेकंद. तेवढ्यात २० नॉटने (ताशी सुमारे ३७ किमी) चाललेलं जहाज २०० मीटर पुढे सरकलेलं असतं. आपलं जहाजही चालतंय, वर डोलतंय. या पल्ल्यावर मोठ्या तोफेची नळी एका कलेने, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाने, वरखाली झाली तरी गोळा साधारण वीसेक मीटर मागेपुढे पडतो. लाटांवर जहाज पाच अंश सहज कलतं. पाच अंश म्हणजे तीनशे कला.

प्रत्येक तोफचीने आपापला नेम धरायचा या जुन्या पद्धतीचं काय होतं, ते १८९८ मध्ये क्यूबाजवळ सांतियागोच्या लढाईत दिसलं. अमेरिकन आरमाराने साडेनऊ हजारांच्या आसपास गोळे झाडले. लागले सव्वाशेच्या आतबाहेर. तरीही अमेरिका जिंकली, आणि जिंकणाऱ्यांच्या तोफखान्याची ही अवस्था!

आपल्याकडे तोफेची थोरवी अजून पल्ल्यात मोजतात. जंजिऱ्यावर कलालबांगडी दाखवताना तिचा गोळा किती कोस जायचा याचे अचाट आकडे ऐकायला मिळतात. काही गडांवर तोफांना शेंदूर लावतात, त्या ‘सिद्ध’ असल्याचं सांगतात. श्रद्धा ज्याची त्याच्यापाशी; पण गोळा दूर फेकणं आणि दूरच्या वस्तूवर पाडणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम शेंदराने होत नाही, नुसत्या दारूनेही होत नाही. त्यासाठी कोणीतरी दूरवर बघावं लागतं, आणि बघितलेलं तोफेपर्यंत पोचवावं लागतं.

दूरवर बघायचं तर उंच जायला हवं. मिरामारच्या वाळूत उभ्या असलेल्या माणसाला क्षितिज जेमतेम पावणेपाच किमीवर असतं. डोळा १० मीटर उंच नेला की ते ११ किमीवर जातं, ३० मीटर उंच नेला की साडेएकोणीसवर. (डोळ्याच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले ३.५७, की उत्तर किमीमध्ये मिळतं.) म्हणजे निरीक्षकाची जागा डोलकाठीवर. पण डोलकाठीवर चिलखत चढवता येत नाही. शंभर टन पोलाद ३० मीटर उंच ठेवलं तर जहाजाचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि कललेलं जहाज सरळ होण्याची ताकद घटते. उंच जागा दिसायला चांगली, पण उघडी. सुरक्षित जागा खाली, आणि तिथून फारसं दिसत नाही. ‘एचएमएस ड्रेडनॉट’ या ब्रिटिश युद्धनौकेवर (१९०६) तर निरीक्षणाची डोलकाठी पुढच्या धुराड्याच्या मागे उभारली होती. वर बसलेल्यांना गरम धूर खात बसावं लागे.

खालच्या सुरक्षित जागेचं नाव कॉनिंग टॉवर. ब्रिजपाशी उभारलेली जाड पोलादाची कोठी. ड्रेडनॉटवर तिची भिंत ११ इंच होती. बाहेर बघायला डोळ्यांच्या उंचीवर आडवी झिरी. सगळी गोम या झिरीत आहे. रुंद ठेवली तर गोळ्याचे तुकडे आत येतात, अरुंद ठेवली तर समुद्राची पट्टी तेवढी दिसते. १० ऑगस्ट १९०४ रोजी पिवळ्या समुद्रातल्या लढाईत रशियन ‘त्सेसारेविच’वर याची परीक्षा झाली. एका जपानी गोळ्याने ब्रिजवर उघड्यावर असलेला ॲडमिरल वित्गेफ्त मारला गेला. दुसरा कॉनिंग टॉवरवर फुटला. टॉवरचं छत भिंतीच्या बाहेर आलेलं होतं. तुकडे त्या कडेवर आपटून खाली वळले आणि झिरीतून आत शिरले. आतली माणसं कोसळली, सुकाणू अडकलं आणि जहाज गोल फिरू लागलं. पुढच्याच वर्षी त्सुशिमाच्या लढाईत रशियन ॲडमिरल रोझेस्तवेन्स्की असाच झिरीतून आलेल्या तुकड्यांनी जखमी झाला.

जर्मनांनी काढलेला तोडगा शाळेच्या प्रकाशशास्त्रातला आहे. प्रकाश आरशाने वळवता येतो, तुकडा आरशाने वळत नाही. ‘डेर्फलिंगर’वर मुख्य तोफखाना अधिकारी गेओर्ग फोन हासे ३०० मिमी जाडीच्या कॉनिंग टॉवरमध्ये बसे आणि छतातून बाहेर काढलेल्या पेरिस्कोपने बघे. वरचं भिंग फुटलं तर पेरिस्कोप गेला, माणूस शाबूत. शिवाय पेरिस्कोप ज्या दिशेला वळे तो कोन विजेच्या तारांनी प्रत्येक टरेटमध्ये, म्हणजे तोफांच्या फिरत्या चिलखती घुमटात, एका काट्यावर उमटे. टरेट फिरवणाऱ्याने आपला काटा त्या काट्याशी जुळवायचा, बस्स. ३१ मे १९१६ ला जटलंडच्या लढाईत याच टॉवरमधून चाललेल्या माऱ्याखाली ब्रिटिश ‘क्वीन मेरी’ स्फोट होऊन बुडालं.

मात्र त्या यंत्रणेत दिशाच जात होती, नळीची उंचवण तोफेपाशीच राहिली होती. ब्रिटिशांनी, मुख्यतः पर्सी स्कॉट या हट्टी अधिकाऱ्याच्या पाठपुराव्यामुळे, दोन्ही कोन एका माणसाच्या हाती दिले. त्या यंत्रालाच डायरेक्टर म्हणतात, आणि इथे जरा थांबायला हवं.

डायरेक्टर म्हणजे डोलकाठीवर बसवलेली एक खोटी तोफ. नळी नाही, फक्त दुर्बिणी. एक जण ती आडवी फिरवतो, दुसरा उभ्या रेषेत वरखाली करतो. आडव्या-उभ्या कोनांतला प्रत्येक बारीक बदल विजेच्या ठोक्यांच्या रूपात खाली जातो आणि सगळ्या टरेटांमधले काटे ठोक्याठोक्याने सरकतात. तिथले तोफची चाकं फिरवून आपले काटे जुळवत राहतात. त्यांना समुद्र दिसायची गरजच नाही. तोफ भरून तयार झाली की वर डायरेक्टरमध्ये तिचा दिवा लागतो. दिवे लागले की वरचा माणूस दुर्बिणीतली आडवी तार शत्रूच्या जहाजावर येण्याची वाट बघतो. जहाज डोलतंय, तार लक्ष्यावरून खालीवर जातेय. ती नेमकी टेकते त्या क्षणी तो चाप ओढतो, एक सर्किट पुरं होतं आणि सगळ्या तोफा एकदम उडतात.

एकदम उडणं महत्त्वाचं. दहा तोफचींनी दहा वेळा चाप ओढला तर दहा जणांच्या हाताची चूक दहा वेगळ्या क्षणी लागते, आणि प्रत्येक क्षणी जहाज वेगळ्या कोनात कललेलं असतं. एकाच हाताने ओढला तर चूक सगळ्यांना सारखी लागते. सारखी चूक दिसते, आणि दिसली की दुरुस्त करता येते. पाण्याचे उंच फवारे शत्रूच्या अलीकडे उठले तर पल्ला वाढवा, पलीकडे उठले तर कमी करा, काही अलीकडे काही पलीकडे उठले तर पल्ला बरोबर आहे, ठोकत राहा. सुटे सुटे पडणारे गोळे कोणाचे कुठले हे समजत नाही; सॅल्व्होचा, म्हणजे एकदम झाडलेल्या गोळ्यांचा, झुपका समजतो.

आता यातलं खरं बारीक काम. डायरेक्टर आणि तोफ एका जागी नाहीत, त्यामुळे डायरेक्टरचा कोन जसाच्या तसा तोफेला चालत नाही. समजा मागचा टरेट डायरेक्टरपासून ६० मीटरवर आहे. दोघांनी समांतर नेम धरला तर बाजूच्या लक्ष्यावर तो गोळा ६० मीटर बाजूला पडेल. म्हणून लक्ष्याच्या अंतरानुसार प्रत्येक टरेटला वेगळी आत वळण्याची दुरुस्ती द्यावी लागते. तसंच उंचीचं. डायरेक्टर तोफेपेक्षा ३० मीटर वर असेल तर १० किमीवरचं लक्ष्य त्याला तोफेला दिसतं त्यापेक्षा सुमारे १० कला खाली दिसतं. १० कला म्हणजे वरच्या हिशोबाने २०० मीटरचा घोळ. आणि तिसरी दुरुस्ती माझ्या विशेष आवडीची : प्रत्येक टरेट ज्या वर्तुळाकार रुळावर फिरतं, तो रूळ डायरेक्टरच्या पायाशी तंतोतंत समांतर कधीच नसतो. गोदीत कितीही काळजी घेतली तरी काही कलांचा कल उरतो. त्यामुळे टरेट एका दिशेला वळलं की नळी थोडी जास्त वर जाते, विरुद्ध दिशेला वळलं की तेवढीच खाली, आणि मधल्या दिशांना कोनाच्या साइनप्रमाणे अधलीमधली. हा कल मोजायचा, तो कोणत्या दिशेला सर्वात जास्त आहे ते शोधायचं, आणि काट्याच्या यंत्रणेतच एक तिरपी तबकडी बसवून दुरुस्ती घालायची. टरेट वळेल तशी दुरुस्ती आपोआप बदलते.

याची जाहीर परीक्षा १३ नोव्हेंबर १९१२ ला आयर्लंडजवळ झाली. ‘थंडरर’ या ब्रिटिश युद्धनौकेवर डायरेक्टर होता, तिच्याच जातीच्या ‘ओरायन’वर नव्हता. साडेतीन मिनिटं दोघींनी गोळीबार केला. थंडररचे गोळे ओरायनच्या कितीतरी पट अधिक लागले. त्यानंतर विरोध करणाऱ्यांकडे फारसं बोलण्यासारखं उरलं नाही.

अंतर मोजण्याचं आणि त्याचं भाकीत करण्याचं काम डायरेक्टरचं नव्हतं. अंतर रेंजफाइंडर सांगे : दोन भिंगं लांब अंतरावर, दोघांच्या दृष्टिरेषांमधला कोन मोजायचा. २.७४ मीटर (९ फूट) लांबीच्या रेंजफाइंडरला १० किमीवर हा कोन जेमतेम ५६ विकला मिळतो (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग). त्यात एका विकलेची चूक झाली तर अंतरात सुमारे १८० मीटरची चूक, आणि अंतर दुप्पट झालं की ही चूक चौपट. म्हणूनच पुढे जपानी ‘यामातो’वर १५ मीटर लांबीचे रेंजफाइंडर आले. भाकिताचं काम मात्र जहाजाच्या पोटात, चिलखती डेकच्या खाली बसलेली माणसं आणि यंत्रं करत. तिथलं हृदय म्हणजे एक फिरती तबकडी आणि तिच्यावर टेकलेली पोलादी गोळी. ग्रामोफोनच्या तबकडीसारखंच इथेही मध्याजवळ वेग कमी, कडेला जास्त. गोळी मध्यापासून जितकी दूर सरकवाल तितकी ती जोरात फिरते. सरकवण्याचं अंतर म्हणजे शत्रूचं अंतर बदलण्याचा दर; गोळीचे एकूण फेरे म्हणजे आतापर्यंत झालेला बदल. कॉलेजात ज्याला संकलन (इंटिग्रेशन) म्हणून घाबरतात ते ही गोळी कागदाशिवाय करते. ही युक्ती लॉर्ड केल्विनचा भाऊ जेम्स थॉमसन याने १८७६ मध्ये मांडली होती, आणि केल्विनने ती भरती-ओहोटीच्या विश्लेषणाला वापरली.

म्हणजे संरक्षित जागेच्या प्रश्नाचं उत्तर एका जागेत मिळालंच नाही. डोळा वर ठेवला, पातळ चिलखतात. डोकं खाली ठेवलं, पाण्याच्या रेषेखाली. हात टरेटमध्ये, जाड पोलादाआड. डोळा फुटला तर जहाजाच्या मागच्या बाजूला दुसरा डायरेक्टर, तोही गेला तर टरेटच्या छतावरच्या दुर्बिणी. ब्रिटिशांनी नंतर कॉनिंग टॉवरचं जाड चिलखतच सोडून दिलं. त्याची किंमत २४ मे १९४१ ला ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ने मोजली : ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेचा एक गोळा न फुटता तिच्या ब्रिजमधून आरपार गेला आणि तिथली जवळपास सगळी माणसं मारली गेली. तीनच दिवसांनी बिस्मार्कची पाळी आली. शेवटच्या लढाईत तिचा वरचा डायरेक्टर सुरुवातीलाच निकामी झाला आणि उरलेल्या तोफांचे गोळे विस्कटले. तोफा चालत होत्या, बघणारं कोणी नव्हतं.

वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये बांधलेल्या ‘सरयू’ जातीच्या गस्ती जहाजांवर ७६ मिमीची तोफ आहे. तिच्या घुमटात माणूस नसतोच. नेम कॅमेऱ्याच्या डोळ्याने धरला जातो. इथे जुना प्रश्न वेगळ्या रूपात परत येतो. भिंग पेरिस्कोपच्या टोकाला ठेवून माणूस पोलादाआड बसवता येत होता. रडारच्या अँटेनाला ती सोय नाही, कारण पोलादातून रेडिओलहरी जात नाहीत. जहाज कितीही जाड असो, त्याची अँटेना पातळ आवरणाआड, उंचावर, उघडीच राहते. म्हणून युद्धनौकेवर कोणाला जायला मिळालं तर तोफेच्या नळीचा फोटो काढून झाल्यावर मान वर करून डोलकाठीवरच्या वस्तू मोजाव्यात, आणि त्यातली कुठली तोफेसाठी बघते ते तिथल्या नौसैनिकाला विचारावं.