महाविद्यालयाच्या आवाराचे लांबट छायाचित्र : पार्श्वभूमी

महाविद्यालयाच्या आवाराचे जुने, दोन-तीन फूट लांबीचे छायाचित्र उलगडले, की नजर प्रथम मधल्या इमारतीवर आणि तिच्यापुढे बसलेल्या मंडळींवर जाते. आवार कसे बदलत गेले हे पाहायचे असेल, तर मात्र छायाचित्राची दोन्ही टोके अधिक बोलकी असतात. तिथे कुंपण संपून माळ सुरू होतो, आणि पुढे वसतिगृह किंवा प्रयोगशाळा उभी राहण्याआधीची ती जागा केवळ तिथेच शिल्लक असते.

सुरुवातीला अशी विस्तृत दृश्ये शेजारीशेजारी घेतलेली अनेक छायाचित्रे जोडून तयार करीत. फेलिचे बेआतो या छायाचित्रकाराने १८५८ मध्ये लखनौच्या कैसरबागेचे दृश्य याच रीतीने टिपले. अमेरिकेत १९०४ मध्ये पेटंट मिळालेल्या ‘सर्कट’ कॅमेऱ्याने हा जोड नाहीसा केला. घड्याळासारख्या चावीच्या यंत्रावर हा कॅमेरा तिपाईवर सावकाश गोल फिरे आणि त्याच वेळी आतली फिल्म एका अरुंद उभ्या फटीमागून सरकत जाई. त्यामुळे एकाच निगेटिव्हवर पूर्ण वर्तुळाचे दृश्य घेता येई आणि मोठ्या मापाच्या कॅमेऱ्यात त्याची लांबी वीस फुटांपर्यंत जाई. निगेटिव्ह कागदाला थेट भिडवूनच छाप काढीत असल्याने मागच्या रांगेतला चेहरासुद्धा स्पष्ट उमटे.

या रीतीचा एक परिणाम लक्षात ठेवावा लागतो. असे छायाचित्र एका क्षणाचे नसते, कारण त्याचे एक टोक आधी आणि दुसरे नंतर टिपलेले असते. पहिल्या टोकाला उभा असलेला चपळ विद्यार्थी कॅमेऱ्यामागून धावत जाऊन दुसऱ्या टोकालाही दिसू शके. शिवाय सरळ रस्ता किंवा सरळ भिंत छापात बाकदार दिसते, तर मंडळींची रांग सरळ दिसावी म्हणून त्यांना प्रत्यक्षात कमानीत बसवीत. म्हणूनच अशा छायाचित्रावरून इमारतींमधील अंतरे मोजू नयेत. कोणती इमारत होती आणि कोणती अजून नव्हती, एवढेच त्यावरून खात्रीने ठरवावे.

सोलापूरला हा विचार विशेष लागू पडतो. १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी निघालेल्या या सपाट पठारावरच्या शहरात गिरण्यांची धुराडी दुरून दिसत, आणि रुंद दृश्यात आवाराबरोबर शहराचा हा काठही सहज येतो. १९३८-३९ मध्ये निजामाच्या राजवटीविरुद्ध आर्य समाजाने केलेल्या सत्याग्रहाचे सोलापूर हे प्रमुख ठाणे होते. त्यानंतर लगेच, १९४० मध्ये, येथे दयानंद महाविद्यालय सुरू झाले. पुढे १९५३ मध्ये संगमेश्वर महाविद्यालय आणि १९६३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आले. ज्या गावातल्या मुलांना पदवीसाठी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे, तिथे पंचवीस वर्षांच्या आत हे घडले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

छायाचित्रावर तारीख नसली, तरी फलकावरचे किंवा तळाच्या ओळीतले विद्यापीठाचे नाव काळ सांगून जाते. सोलापूरची महाविद्यालये आधी मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती, १९४९ पासून पुणे विद्यापीठाशी आणि १९६२ मध्ये कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्याच्याशी. सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ २००४ मध्ये मिळाले आणि २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव देण्यात आले. इंग्रजी फलकावर गावाचे नाव ‘शोलापूर’ असे लिहिलेले असेल, तर तोही जुनेपणाचा एक पुरावा धरता येतो.

अशी छायाचित्रे बहुधा गुंडाळून ठेवलेली असतात. सुकून कडक झालेली गुंडाळी जोराने उघडली, तर कागदाला आडव्या भेगा पडतात. चौकटीत बसेना म्हणून कडा कापण्याचा मोह त्याहून घातक आहे, कारण अशा वेळी कात्री लागते ती बहुधा मोकळ्या माळालाच.