क्षणिक अंधत्व

एका डोळ्याची दृष्टी काही सेकंद ते काही मिनिटे, वेदना न होता, अकस्मात जाऊन पूर्ववत होणे. वैद्यकात यास ‘अमॉरोसिस फ्युगॅक्स’ म्हणतात (ग्रीक : अंधारणे; लॅटिन : पळून जाणारे). डोळ्यावर वरून पडदा उतरल्यासारखे वाटते, असे प्रमाण वर्णन आहे. मात्र अनेकांना नुसते धुके दाटल्यासारखे दिसते. दोन्ही डोळ्यांपुढे एकदम येणारी अंधारी हा निराळा विकार असून येथे अभिप्रेत नाही.

कारणमीमांसा : दृष्टिपटलाची (डोळ्याच्या आतील प्रकाशग्राही पडद्याची) रोहिणी (धमनी) तात्पुरती आकुंचित होते, हे मत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रचलित होते. मेंदुविकारतज्ज्ञ मिलर फिशर यांनी १९५० च्या दशकारंभी मानेतील ग्रीवा रोहिणीचा अवरोध, एका डोळ्याचे क्षणिक अंधत्व आणि पक्षाघात यांची सांगड घातली. पुढे १९५९ मध्ये त्यांनी झटका चालू असतानाच नेत्रतळाचे (डोळ्याच्या आतील मागच्या भागाचे) निरीक्षण केले, तेव्हा पांढरट कण रोहिण्यांतून पुढे सरकताना दिसले. नेत्रतज्ज्ञ रॉबर्ट हॉलनहॉर्स्ट यांनी १९६१ मध्ये याच रोहिण्यांत अडकलेले चकाकते पिवळे कण वर्णिले. ते ग्रीवा रोहिणीच्या भिंतीवरील थरातून सुटलेले कोलेस्टेरॉल असते. नेत्र रोहिणी ही अंतर्ग्रीवा रोहिणीचीच (ग्रीवा रोहिणीच्या मेंदूकडे जाणाऱ्या फाट्याचीच) शाखा असल्याने एक कण डोळ्याकडे वळतो, तर दुसरा मेंदूकडे जाऊ शकतो. उतारवयातील रुग्णांबाबत सुटलेल्या कणांची ही उपपत्ती अधिक ग्राह्य वाटते. आकुंचनाचे मत मात्र सर्वस्वी बाद झालेले नाही. काही रुग्णांत, विशेषतः वारंवार झटके येणाऱ्यांत, आकुंचन नेत्रतळात प्रत्यक्ष दिसल्याच्या नोंदी आहेत. पन्नाशीनंतर कानशिलाकडील रोहिणीचा दाह हेही कारण संभवते. त्यावर स्टेरॉइड तातडीने न दिल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते.

पक्षाघाताशी संबंध : १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकी चाचणीत, लक्षणे दिसलेल्या बाजूची ग्रीवा रोहिणी ७० ते ९९ टक्के अरुंद झालेल्यांपैकी केवळ औषधांवरील सुमारे २६ टक्के रुग्णांना दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात झाला, रोहिणीतील थर काढण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. केवळ डोळ्याची लक्षणे असलेल्यांत धोका मेंदूची लक्षणे असलेल्यांच्या सुमारे निम्मा असतो. तरीही तो नगण्य ठरत नाही. दृष्टी परतली की दुखणे गेले, असे समजून रुग्ण घरीच थांबतो आणि नेमका हाच काळ सर्वाधिक जोखमीचा असतो. तपासणी त्याच दिवशी व्हावी.

प्रतिबंध : ३२ देशांतील एका अभ्यासात (२०१६) पक्षाघाताच्या सुमारे ९० टक्के जोखमीचा संबंध बदलता येण्याजोग्या दहा घटकांशी आढळला. त्यांत उच्च रक्तदाब सर्वांत प्रबळ. तो जाणवत नाही, म्हणून मोजावाच लागतो, आणि बरे वाटते म्हणून गोळी थांबवणे घातक ठरते. रोजचे मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी आणि आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम, ही जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची शिफारस आहे. तंबाखू पूर्ण सोडावा. कमी करणे पुरत नाही. मधुमेह व कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवण्याने रोहिणीच्या भिंतीवरील थराची वाढ मंदावते. हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील तर रक्ताच्या गाठी हृदयातच बनू शकतात; अशा वेळी सवयी पुरेशा नसून रक्त गोठू न देणारे औषध लागू शकते.