गूगल फॉर्मचे गुण आकारिकमध्ये चढवू नका

संकलित मूल्यमापन आपल्या सगळ्या शिक्षकांना पाठ आहे. सत्र संपलं की पेपर, गुण, श्रेणी. 2010 च्या शासन निर्णयात पहिली-दुसरीला त्याचा भार 30 टक्के होता, सातवी-आठवीला 60; उरलेला आकारिकचा, म्हणजे शिकवता शिकवता मूल कुठे अडतं ते पाहण्याचा. हा हिशेब सहसा कुणी चुकत नाही.

घोळ आहे तो आकारिकचा. 2020 मध्ये शाळा बंद पडल्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर गूगल फॉर्म टाकायचा, आलेले गुण आकारिकच्या रकान्यात भरायचे, असा रिवाज पडला. आकारिकच्या आठ तंत्रांत ‘चाचणी’ही आहे ना, मग झालं! पण चाचणी किती गुणांची, कागदावर की मोबाइलवर, यावर काहीच ठरत नाही. उत्तरं पाहून उद्याचं शिकवणं बदललं तर ती आकारिक. गुण भरून पुढचा पाठ घेतला तर ती संकलितच, पाच गुणांची का असेना.

503 − 248 घ्या. फॉर्मवर उत्तर चुकलं की शून्य. पण 345 लिहिणारं मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतं. हातचा त्याला कळलेलाच नाही. 355 लिहिणाऱ्याला हातचा येतो, शतकातला एक कमी करायचा राहिला. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे सोडायला बसवावं लागतं, दुसऱ्याला चार उदाहरणं पुरतात. दोघांना सारखं शून्य देणं हा अन्याय आहे.

फॉर्म द्यायचाच तर पर्यायांत 345 आणि 355 दोन्ही ठेवा. आणि तो दुपारी बंद करू नका. घरात मोबाइल एकच, तोही बापासोबत वावरात; सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी असली की दिवेलागणीनंतरच पोराच्या हाती येतो. दुपारी बंद होणारा फॉर्म वजाबाकी तपासत नाही, घरी मोबाइल होता का तेवढंच तपासतो.

त्यापेक्षा संध्याकाळी साधा कॉल बरा. नेट लागत नाही. उदाहरण सांगा आणि बोलत बोलत सोडवायला लावा. “हातचा कुठून घेतला? मग तिथं किती उरले?” असं पायरीगणिक विचारलं की शेजारून कुणी पुरवलेलं उत्तर फार टिकत नाही. वहीचा फोटो मागवलात तर खोडरबर वापरू नको, चुकलं तिथं काट मार, असं आधीच सांगा.

नोंदवहीत ‘प्रगती समाधानकारक’ कृपा करून लिहू नका. ‘हातचा घेते, मध्ये शून्य आलं की अडते’ असं लिहा, तारीख टाका, आणि आठवड्यानं तिला 604 − 357 विचारा.