त्वचाशोथ, कुत्र्यांतील ॲलर्जीजन्य

त्वचाशोथ, कुत्र्यांतील ॲलर्जीजन्य : घरातील धुळीतले माइट (अतिसूक्ष्म संधिपाद प्राणी), परागकण, बुरशीचे बीजाणू, पिसूची लाळ किंवा खाद्यातील प्रथिने अशा एरवी निरुपद्रवी पदार्थांना शरीराच्या प्रतिरक्षा यंत्रणेने अतिरेकी प्रतिसाद दिल्याने कुत्र्याच्या त्वचेला होणारा कंडयुक्त (खाज सुटणारा) दाहविकार. त्याचे पिसूजन्य, अन्नजन्य व परिसरातील ॲलर्जीकारकांमुळे होणारा (ॲटोपिक) असे तीन मुख्य प्रकार मानतात. एकाच कुत्र्यात यांपैकी दोन किंवा तिन्ही प्रकार एकत्र आढळू शकतात. प्रस्तुत नोंदीत ॲटोपिक प्रकाराचा, विशेषतः लहान जातींच्या संदर्भात, विस्ताराने विचार केला आहे.

विकाराची सुरुवात बहुधा वयाच्या सहाव्या महिन्यापासून तिसऱ्या वर्षापर्यंत होते. माणसाला परागकणांची ॲलर्जी झाली की शिंका येतात, नाक वाहते. कुत्र्यात मात्र ती प्रामुख्याने त्वचेवर प्रकटते. कुत्रा पुढचे पंजे चाटतो व चावतो, तोंड गालिच्यावर घासतो, काखा, जांघा व पोट खाजवतो. कान वारंवार बिघडतात. फिक्या रंगाच्या कुत्र्याच्या पंजांवरचे केस सतत चाटल्याने लाळेतील पॉर्फिरिन या रंगद्रव्यामुळे तांबूस होतात. पशुवैद्याने विचारण्याआधीच ही खूण पुष्कळ काही सांगते. जुन्या रोगात त्वचा जाड, काळसर व सुरकुतलेली होते आणि तिला उग्र वास येतो. वेस्ट हायलँड व्हाइट टेरियर, फ्रेंच बुलडॉग, पग, शित्झू व ल्हासा ॲप्सो या जातींत विकाराचे प्रमाण अधिक असल्याचे अनेक देशांतील निरीक्षणे दर्शवितात. लॅब्राडोर, बॉक्सर, जर्मन शेफर्ड हे मोठे कुत्रेही त्यातून सुटत नाहीत. तेव्हा आकारापेक्षा आनुवंशिकता महत्त्वाची. तरीही लहान कुत्र्याचा दिवस गादी, सोफा व सतरंजी यांवर, म्हणजे धूळमाइटांच्या वसतिस्थानातच जातो आणि बाहेर नेल्यावर त्याचे पोट थेट गवताला घासते, हे ध्यानात घ्यावे लागते.

इतिहास : अॅलर्जी ही संज्ञा क्लेमेन्स फोन पिर्के यांनी १९०६ मध्ये, तर ॲटोपी (ॲलर्जीची आनुवंशिक प्रवृत्ती) ही संज्ञा कोका व कुक यांनी १९२३ मध्ये वापरात आणली. दोन्ही माणसांच्या संदर्भात होत्या. कुत्र्यातील नैसर्गिक ॲटोपीच्या पहिल्या शास्त्रीय नोंदीचे श्रेय सामान्यतः अमेरिकी वैद्य विटिक यांच्या १९४१ मधील लेखाला देतात. त्यांच्या पाहण्यातील कुत्र्याचा त्रास रॅगवीड या तणाच्या परागकणांशी निगडित होता. खाजणारी कुत्री त्यापूर्वीही पशुवैद्यांनी पाहिली असणारच. मात्र जुन्या लिखाणात त्यांना ‘इसब’ म्हणून नोंदवलेले असल्याने त्यांतील ॲलर्जीचे रुग्ण आज वेगळे काढता येत नाहीत. १९६० च्या दशकात पॅटरसन यांनी रॅगवीडला संवेदनशील कुत्र्यांवर पद्धतशीर अभ्यास केला. माणसातील आयजीई (इम्युनोग्लोब्युलिन ई) या ॲलर्जीशी निगडित प्रतिपिंडाचा शोध १९६६–६७ च्या सुमारास लागल्यानंतर काही वर्षांतच हॅलिवेल व सहकाऱ्यांनी कुत्र्यातील आयजीईचे स्वरूप स्पष्ट केले.

ॲलर्जीकारक शरीरात शिरतो कोठून, हा या इतिहासातील खरा वादविषय. विटिक यांच्यापासून सु. १९८० पर्यंतच्या लेखकांनी माणसातील परागज्वराचा नमुना समोर ठेवला होता, त्यामुळे श्वासावाटे आत गेलेला ॲलर्जीकारक रक्तामार्गे त्वचेत पोचतो असे गृहीत धरले गेले. त्यावरूनच या विकाराला ‘श्वसनजन्य ॲलर्जिक त्वचाशोथ’ असे नाव पडले व ते पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ टिकले. पण व्रणांची जागा या कल्पनेशी जुळत नव्हती. रक्तावाटे पसरणाऱ्या कारणाने नेमके पंजे, काखा व पोट ही जमिनीला, गवताला आणि अंथरुणाला टेकणारी, विरळ केसांची ठिकाणेच का निवडावीत? पुढे रोगग्रस्त त्वचेच्या बाह्यस्तरातील लँगरहान्स कोशिकांवर (प्रतिरक्षा यंत्रणेच्या कोशिकांवर) आयजीई आढळले. मार्सेला व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये धूळमाइटांना संवेदनशील केलेल्या बीगल कुत्र्यांवर प्रयोग केले, तेव्हा कोणत्याही मार्गाने संपर्क झाला तरी लक्षणे उद्भवली. मात्र त्वचेवाटे झालेला संपर्क सर्वांत प्रभावी ठरला. श्वसनमार्ग त्यामुळे सर्वस्वी बाद होत नाही, तरी उपलब्ध पुराव्याचे पारडे त्वचेच्या बाजूला झुकलेले आहे आणि जुने नाव आता सोडून देणेच योग्य. फिरून आल्यावर पंजे व पोट पाण्याने पुसून कोरडे करण्याच्या साध्या सल्ल्याला शास्त्रीय आधार मिळतो तोही याच मतामुळे.

दुसरा वाद याला लागूनच आहे. त्वचेचा अडसर (बाहेरील पदार्थांना रोखणारा तिचा संरक्षक थर) मुळात दुबळा असल्याने ॲलर्जीकारक आत शिरतात, की आतील दाहामुळे अडसर ढासळतो? माणसात फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोषांचा ॲटोपिक त्वचाशोथाशी असलेला संबंध २००६ मध्ये प्रस्थापित झाला. कुत्र्यांतील निष्कर्ष तितके एकमुखी नाहीत व जातीपरत्वे बदलतात. सिरॅमाइड या त्वचेतील मेदद्रव्यांची घट मात्र वारंवार आढळली आहे. दोन्ही प्रक्रिया एकमेकींना खतपाणी घालतात, असे मानणे सध्या सयुक्तिक दिसते. १९६०–७० च्या दशकांत आयजीईभोवती फिरणारी व्याख्याही आता बदलली असून आनुवंशिकता, प्रतिरक्षा यंत्रणेतील टी-कोशिका, त्वचेचा अडसर आणि त्वचेवरील सूक्ष्मजीवांचा असमतोल या सर्वांना तीत स्थान मिळाले आहे.

भारतातील ॲलर्जीकारक : उष्ण व दमट किनारपट्टीवर धूळमाइट बारमाही असतात, पावसाळ्यात बुरशी व पिसवा वाढतात. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम लक्षात आलेले गाजर गवत (काँग्रेस गवत) आणि विटिक यांच्या कुत्र्याला त्रास देणारे रॅगवीड ही दोन्ही सूर्यफूल कुलातील निकटची तणे होत. गाजर गवतामुळे माणसांना होणारा त्वचाशोथ सुविख्यात आहे. पडीक जागेतून फिरवून आणल्यावर वाढणारी खाज या गवताकडे बोट दाखवू शकते, पण माणसांवरचे निष्कर्ष कुत्र्यांना जसेच्या तसे लावणे घाईचे ठरेल.

निदान : एखाद्या चाचणीने हा विकार सिद्ध होत नाही, खाजेची इतर कारणे एकेक करून वगळावी लागतात. पहिला मान पिसवांचा. पिसूच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला मोजके चावेही पुरतात आणि खाज कमरेवर व शेपटीच्या बुडाशी एकवटते. अंगावर पिसू दिसली नाही म्हणून ती नाही असे होत नाही. बारीक दातांच्या फणीने कमरेवरचे केस विंचरावेत व निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावेत. त्यांभोवती तांबूस वलय पसरले तर ती पिसूची विष्ठा, अर्थात पचलेले रक्त असते. माती असेल तर रंग उतरत नाही. लूत (सार्कोप्टिस माइटांचा संसर्ग) असल्यास कानांच्या कडा खरखरीत होतात आणि कानाची कड बोटांत चोळताच कुत्रा त्या बाजूचा मागचा पाय झाडू लागतो. ही लूत घरातील माणसांनाही खाज आणते. डेमोडेक्स माइट, स्टॅफिलोकॉकस जीवाणू व मॅलेसेझिया यीस्ट यांसाठी त्वचेचा खरवड व ठसे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

अन्नजन्य ॲलर्जी ओळखण्याचा विश्वसनीय मार्ग म्हणजे वर्ज्याहार : कुत्र्याने पूर्वी कधी न खाल्लेले प्रथिन किंवा जलविघटित प्रथिनांचे खाद्य किमान आठ आठवडे देऊन नंतर जुना आहार परत सुरू करून पाहणे. पाच आठवड्यांत सु. ८० टक्के, तर आठ आठवड्यांत ९० टक्क्यांहून अधिक अन्नॲलर्जीग्रस्त कुत्र्यांत सुधारणा दिसते. या काळात आजीने प्रेमाने भरवलेला दूधपोळीचा एक घासही सारे श्रम वाया घालवतो. प्रसिद्ध रुग्णनोंदींत गोमांस, दुग्धजन्य पदार्थ, कोंबडी व गहू हे घटक याच क्रमाने अधिक आढळतात. ‘चिकन उष्ण पडते’ या समजुतीचा ॲलर्जीशी संबंध नाही; कोंबडीची ॲलर्जी नसलेल्या कुत्र्याचे चिकन बंद करून खाज थांबत नाही.

हे सर्व वगळल्यावर निकष लावतात. विलेम्से यांचे १९८६ चे निकष मागे पडून फाव्रो व सहकाऱ्यांचे २०१० चे आठ निकष आता रूढ आहेत : तीन वर्षांपूर्वी सुरुवात, मुख्यतः घरातील वास्तव्य, स्टेरॉइडाने कमी होणारी खाज, वारंवार यीस्ट संसर्ग, बाधित पुढचे पंजे, बाधित कानपाळ्या, कानांच्या कडा निरोगी व कंबर निरोगी. यांपैकी पाच जुळल्यास संवेदनशीलता (खरे रुग्ण ओळखण्याचे प्रमाण) सु. ८५ टक्के व विशिष्टता (रुग्ण नसलेले वगळण्याचे प्रमाण) सु. ७९ टक्के मिळते. याचा अर्थ, अन्य कारणाने खाजणाऱ्या पाच कुत्र्यांपैकी साधारण एकाला हे निकष चुकीने ॲटोपीच्या खात्यात टाकतात. म्हणून वगळण्याची पायरी गाळू नये. रक्तचाचणी वा त्वचेत टोचून केलेली चाचणी निदानासाठी नसून उपचार म्हणून द्यावयाच्या लसीतील ॲलर्जीकारक निवडण्यासाठी असते. निरोगी कुत्र्यांतही ती अनेकदा होकारार्थी येते.

उपचार : विकार बहुधा आयुष्यभराचा असतो. घरातील सर्व प्राण्यांना वर्षभर पिसूप्रतिबंधक औषध देणे व अंथरूण गरम पाण्यात धुणे हा पाया. जीवाणू व यीस्ट वाढले असल्यास क्लोरहेक्सिडिनयुक्त शॅम्पू सु. दहा मिनिटे अंगावर राहू द्यावा लागतो. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लवकर गुण देते. मात्र दीर्घकाळ दिल्यास तहान, भूक व वजन वाढते, त्वचा पातळ होते. सिट्रिझिनसारख्या हिस्टामीनरोधकांचा कुत्र्यांतील उपयोग बेताचाच. प्रतिरक्षा प्रतिसाद दडपणाऱ्या सायक्लोस्पोरिनला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ मध्ये, तर खाजेचे संदेश रोखणाऱ्या ऑक्लासिटिनिबला २०१३ मध्ये मान्यता दिली. दुसऱ्या औषधाने खाज बहुधा दिवसभरात उतरते. ते १२ महिन्यांखालील पिलांना देत नाहीत व युरोपीय सूचनेनुसार ३ किग्रॅ.पेक्षा कमी वजनाच्या कुत्र्यांनाही नाही. लोकिव्हेटमॅब हे इंटरल्यूकिन-३१ या कंडकारक प्रथिनाला निष्प्रभ करणारे प्रतिपिंड असून त्याचे इंजेक्शन साधारण महिन्याने देतात.

घरगुती उपायांत सावधगिरी हवी. कापूर घातलेले खोबरेल तेल, टी-ट्री तेल व झिंक ऑक्साइडची मलमे चाटून पोटात गेल्यास विषबाधा होऊ शकते आणि चार-पाच किलोच्या कुत्र्यात ती थोड्या मात्रेनेही होते. माणसांची जंतुनाशक द्रावणे पाणी न मिसळता लावल्याने आधीच सोललेली त्वचा अधिक भाजते.

रोगाच्या मुळाशी जाणारा उपचार एकच : ठरावीक ॲलर्जीकारकांची वाढत्या मात्रेत लस. त्यामुळे निम्म्याहून अधिक कुत्र्यांना लक्षणीय आराम पडतो, असे बहुतेक अभ्यास सांगतात. परिणाम दिसण्यास कित्येक महिने लागतात. लस निष्फळ ठरवण्यापूर्वी ती किमान वर्षभर द्यावी लागते व तोवर खाज आवरणारी इतर औषधे चालू ठेवतात.