शिकाऊ वैमानिकांचे लँडिंगचे अपघात

विमान चालवायला शिकणाऱ्याच्या हातून छोटे, बहुधा एका इंजिनाचे विमान उतरवताना होणारे अपघात. चाके धावपट्टीला टेकण्याच्या थोडे आधी, टेकताना किंवा त्यानंतरच्या धावेत ते घडतात. वेग कमी असल्याने माणूस बहुधा स्वतःच्या पायांनी बाहेर येतो. मोडते ते नाकचाक, प्रोपेलर, क्वचित पंख. दोष सहसा पहिल्या आदळीला दिला जातो, पण ती ही विमाने बऱ्यापैकी सोसतात. नुकसान होते ते बरेचदा ती चूक सावरण्याच्या धडपडीत.

सेस्ना १७२सारखे विमान शेवटच्या टप्प्यात सुमारे ६५ नॉट, म्हणजे ताशी १२० किमी. वेगाने खाली येते. जमीन काही मीटरवर आली की नाक हळूहळू उचलत मागची दोन मुख्य चाके आधी टेकवायची. याला फ्लेअर म्हणतात. तो केव्हा सुरू करायचा हे उंचीमापक सांगत नाही, डोळे सांगतात. नवखा नाकासमोरच्या डांबरावर नजर खिळवतो आणि त्याचा अंदाज चुकतो. दूरच्या टोकाकडे पाहू लागला की तो बराच सुधारतो. सवयीपेक्षा रुंद धावपट्टीवर जमीन जवळ आल्यासारखी वाटून फ्लेअर लवकर होतो, विमान वरच वेग गमावते आणि धप्पकन पडते. वेग जास्त असला तर उलट ते टेकतच नाही. पंखांच्या विस्ताराइतक्या उंचीच्या आत हवेचा अवरोध घटतो (भूप्रभाव) आणि विमान तरंगत जाते. वेग १० टक्के जास्त म्हणजे गतिज ऊर्जा २१ टक्के जास्त. पट्टी संपत चाललेली दिसते, विद्यार्थी घाईने नाक दाबतो, आणि विमान नाकचाकावर उतरते.

तिथून उसळ्या सुरू होतात. उसळी आली की नाक खाली ढकलावेसे वाटते. हात क्षणभर उशिरा चालतो आणि पुढची आदळ आधीपेक्षा जोरदार बसते. दोन-तीन उसळ्यांत नाकचाकाचा दांडा वाकतो, प्रोपेलर जमिनीला लागतो. अशा वेळी इंजिन उघडून तपासावे लागते. नाकचाकाचा धक्का इंजिनामागच्या अग्निरोधक भिंतीपर्यंत पोचतो, म्हणून तिथल्या पत्र्यावरच्या सुरकुत्याही शोधतात.

उपाय म्हणजे पूर्ण थ्रॉटल (इंजिनाची शक्ती) देऊन पुन्हा वर जाणे, गो-अराउंड. पण तोही निर्धोक नाही. पूर्ण शक्ती येताच बहुतेक छोट्या विमानांचे नाक डावीकडे ओढले जाते. रडरचे (नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीच्या उभ्या झडपेचे) उजवे पेडल दाबायला विसरले की विमान पट्टीच्या डाव्या कडेला जाते. फ्लॅप (कमी वेगात उचल वाढवणाऱ्या पंखांमागच्या झडपा) एकदम मिटले तर ते खाली बसते.

आडव्या वाऱ्यात चूक बहुधा टेकल्यानंतर होते. उतरलो असे वाटून विद्यार्थी एलेरॉन (विमान एका बाजूला झुकवणाऱ्या पंखांवरच्या झडपा) सोडतो आणि वारा पंख उचलतो. शेपटीला चाक असलेल्या विमानांत गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, त्यामुळे वळू लागलेले विमान आणखी वळत जाते आणि गिरकी घेते (ग्राउंड लूप). १९५६ साली आलेल्या सेस्ना १७२ च्या नाकचाकाच्या रचनेची जाहिरात कंपनीने ‘लँड-ओ-मॅटिक’ नावाने केली. गिरकीचा धोका त्या रचनेने खरोखर घटवला. फ्लेअर मात्र स्वयंचलित झाला नाही.

पहिल्या एकट्या उड्डाणात, सोलोत, प्रशिक्षकाचे वजन उतरलेले असते. विमान जास्त तरंगते. प्रशिक्षक शेजारी असतानाही अपघात होतात. विद्यार्थी स्वतः सावरेल म्हणून तो थांबतो आणि हात घालायला उशीर होतो. कंट्रोल नेमके कोणाकडे हे स्पष्ट बोलले नसेल तर दोघेही ओढतात, नाहीतर कोणीच नाही.

जीवघेणा प्रकार जमिनीपासून वर घडतो. धावपट्टीच्या रेषेत येण्याच्या शेवटच्या वळणात विमान त्या रेषेपलीकडे गेले की विद्यार्थी रडरने नाक ओढून आणतो. वेग आधीच कमी असला तर विमान स्टॉल होऊन (पंखांची उचल तुटून) फिरक्या घेत कोसळते आणि सावरण्याइतकी उंची उरलेली नसते.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १३ नुसार कोणी मृत वा गंभीर जखमी नसेल आणि नुकसान फक्त प्रोपेलर, टायर किंवा पंखाच्या टोकापुरते असेल, तर तो ‘अपघात’ धरला जात नाही. वाकलेले कितीतरी प्रोपेलर त्यामुळे अपघातांच्या आकड्यांत येत नाहीत.